निसर्गविज्ञान आणि पर्यावरण संवर्धनातलं पदव्युत्तर शिक्षण: गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला, घरात फणसाचा वास सुटला, की हे प्रश्न माझ्याकडे यायला लागतात. कधी बीएस्सीचा निकाल घेऊन मुलं स्वतः येतात, कधी त्यांचे आईवडील, आणि एकदा तर एका मुलाचे आजोबा कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, केळी घेऊन आले होते. मी सत्तरी तालुक्यातली. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता महाविद्यालयात शिकवते. उत्तरं माझ्या मतांसकट आहेत. शुल्क, जागा आणि तारखा दर वर्षी बदलतात, त्या प्रॉस्पेक्टसमध्येच पाहा.

मला निसर्गात काम करायचं आहे. वनस्पतिशास्त्र घेऊ, प्राणिशास्त्र, की पर्यावरणशास्त्र?

"निसर्गात काम" एवढ्यावर विषय ठरत नाही. आधी एखादी गोष्ट धरा, जिच्याबद्दल तुम्हाला खरंच काही विचारायचं आहे. पावसाळ्यात फोंड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला पानांत गुंडाळलेली अळमी, म्हणजे रानातली आळंबी, विकायला बसलेल्या बायका पाहिल्या असतील. ही अळमी रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवते. वाळवी ती आत पोसते आणि तिच्यावर स्वतः जगते. आता त्या एका वाट्यावर किती शास्त्रं बसली आहेत बघा. बुरशीच्या जाती ओळखायच्या असतील तर वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. वाळवीच्या बाजूने पाहायचं तर प्राणिशास्त्र. यंदा किती काढली तर पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल हे विचारलंत तर परिसंस्थाशास्त्र. आणि ती काढतं कोण, कोणाच्या रानातून, पैसे कोणाला मिळतात हे विचारलंत तर समाजशास्त्राची दोन पुस्तकं तरी वाचावी लागतील. यातला कुठला प्रश्न रात्री झोपताना आठवतो, त्यावरून विषय ठरवा.

माझं मत विचाराल तर एमएस्सीला एक मूळ शास्त्र पक्कं करावं आणि संवर्धन त्याच्यावर चढवावं. पर्यावरणशास्त्राचा पसारा मोठा. त्यात पाण्याचं रसायन येतं, कायदे येतात, हवामान येतं. सगळ्याची ओळख होते. पण एखादं गवत हातात दिलं तर नाव सांगता येत नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. ज्यांना प्रदूषण नियंत्रण किंवा प्रकल्पांच्या परिणाम-मूल्यांकनात जायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना तो पसाराच कामी येतो.

गोव्यात हे कुठे शिकता येतं?

ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ हे मुख्य ठिकाण. ते १९८५ मध्ये सुरू झालं. त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सागरी जैवतंत्रज्ञान, सागर विज्ञान, उपयोजित भूशास्त्र हे सगळं तिथे आहे. काही महाविद्यालयांतही एमएस्सीचे वर्ग चालतात.

पण गोव्याची खरी श्रीमंती आजूबाजूच्या संस्थांत आहे. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था. झुआरीनगरला बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस. साडेतीन हजारांहून थोडं जास्त, नेमकं सांगायचं तर ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात एवढ्या संस्था कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, एका बसच्या अंतरावर आहेत. एमएस्सीचा प्रबंध यांपैकी एखाद्या ठिकाणी करता येतो का, हे पहिल्याच सत्रात विचारून ठेवा. दुसऱ्या वर्षी विचारलंत तर जागा भरलेल्या असतात.

प्रवेश कसा मिळतो?

गोवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, जीयू-आर्ट. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना गॅट-बी ही देशपातळीवरची परीक्षा लागते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. अर्ज निकालाच्या आधीच सुटतात आणि दर वर्षी कोणीतरी "निकाल लागू दे मग बघू" म्हणत ती तारीख चुकवतं.

आमची पदवी आता चार वर्षांची झाली. मग एमएस्सी एक वर्षाची की दोन?

तीन वर्षांनी बाहेर पडलात तर दोन वर्षांची. चौथं वर्ष पूर्ण केलंत तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार एक वर्षाची एमएस्सी करता येते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. कागदावर हे छान दिसतं. पण क्षेत्रकामाच्या विषयात एकच पावसाळा पाहून कोणी तयार होत नाही. पहिला पावसाळा चुका करण्यात जातो, दुसऱ्यात हाती काहीतरी लागतं. शक्य असेल तर दोन वर्षंच घ्या.

गोव्यातच राहिले तर मागे पडेन का? सगळे म्हणतात, बाहेर जा.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही लांब देते.

आधी सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार घ्या. आपल्याकडे सड्याला पडीक जमीन समजतात. विमानतळ, वसाहत, कारखाना, काहीही आणायचं झालं की बोट सड्यावर. एप्रिलमध्ये पाहिलात तर काळा-तांबडा जांभा दगड आणि वर करपलेलं गवत. जुलैत त्याच दगडावर बोटभर उंचीची कीटकभक्षी झाडं असतात, खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं असतात, आणि सप्टेंबरात सगळा सडा जांभळा-पिवळा होतो. याच जांभ्या सड्यांवरून २०१८ मध्ये एका नव्या बेडकाची शास्त्रीय नोंद झाली. त्याचं नावच "गोएमची", म्हणजे गोंयची. आधी फेजर्व्हार्या प्रजातीत होता, आता मिनर्व्हार्यात आहे. गावातली माणसं तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकत होती, पण शास्त्राच्या वहीत नाव यायला २०१८ उजाडलं. अशी नोंद व्हायची राहिलेली आणखी किती असतील?

मग खाजन. खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीतून भरती-ओहोटीच्या हिशेबाने आत-बाहेर सोडायचं, पावसाळ्यात भात घ्यायचं आणि नंतर मासळी. सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन गोव्यात सांगितली जाते. मानस ही लाकडी फळीच असते, पाण्याच्या दाबाने आपोआप उघडते आणि मिटते. विजेची तार नाही, मोटर नाही. हे यंत्र ज्यांनी घडवलं ते गावकरीतले, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतले लोक होते, कुठल्याही विद्यापीठातले नव्हते. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात याच शेतातलं, आणि एलाच्या संस्थेने गोवा धान नावाची काही वाणं कोरगुटातूनच निवडून काढली. आज बांध फुटतात, मासळीच्या लिलावासाठी मानस गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवली जाते, शेतात खारं पाणी शिरतं आणि दोन वर्षांत तिथे खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, मग शेतकऱ्याने ती तोडायची की शेत सोडायचं? यात जलशास्त्र आहे, मृदाशास्त्र आहे, वनस्पती आहेत, कायदा आहे आणि कोमुनिदादीचं (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) राजकारणही आहे. बाहेरच्या विद्यापीठातून माणसं हे शिकायला येतात. तुम्ही तर त्या बांधावर सायकल चालवत मोठे झालात.

आणि नद्या. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत गांजेपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात तीच नदी जवळजवळ गोडी होते. एका नदीत एका वर्षात दोन वेगळ्या नद्या पाहायला मिळतात म्हणा ना. वर म्हादईचं (मांडवीचंच वरचं नाव) खोरं, जिच्या पाण्याच्या वाटणीचा निवाडा लवादाने २०१८ मध्ये दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. त्या आकड्यांवर प्रत्येक गाडोवाल्यालाही मत असतं; पण नदीत पाणी कमी झालं तर खाली मुखाशी मीठ किती आत सरकेल हे मोजायला किती जण बसतात?

एवढं सगळं सांगूनही मी मुलांना बाहेर पाठवते. गोव्याच्या बाहेर पडल्याशिवाय गोवा किती लहान आणि किती भरलेला आहे ते कळत नाही. एक टप्पा इथे, एक बाहेर, असं बसवता आलं तर उत्तम.

मग बाहेर कुठे?

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला वन्यजीवशास्त्र व संवर्धनाचा एमएस्सी, ही दोन नावं सगळ्यांना माहीत असतात. जागा मोजक्या. एनसीबीएसचा अभ्यासक्रम दोन वर्षांतून एकदाच प्रवेश घेतो, तेव्हा तुमचं पदवीचं वर्ष आणि त्यांचं वर्ष जुळतं का ते आधी पाहा. पीएचडीसाठी बंगळुरूची अत्री ही पर्यावरण संशोधन संस्था, कोईम्बतूरचं सालिम अली पक्षिशास्त्र केंद्र. डेहराडूनलाच वन संशोधन संस्था आहे. पाँडिचेरी विद्यापीठात परिसंस्थाशास्त्र आहे आणि त्यांच्या पोर्ट ब्लेअर (आता श्री विजय पुरम) केंद्रात सागरी जीवशास्त्र.

मराठी घरांना जवळचं वाटतं ते पुणं. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा एमएस्सी आहे, भारती विद्यापीठात पर्यावरण शिक्षणाची स्वतंत्र संस्था आहे. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय. दापोलीबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, याचं मला नवल वाटतं. हवा तीच, माती तीच, काजू-आंबा तोच.

प्राथमिक शाळा मराठीतून झाली. इंग्रजीत अडेल का?

पहिले सहा महिने अडेल. आपल्या गावांतल्या सरकारी शाळांतून आलेल्या बहुतेकांचं हेच होतं, माझंही झालं. प्रयोगवही इंग्रजीत आणि डोक्यातला विचार मराठीत, मध्ये घरची कोकणी. पण क्षेत्रकामात हे पारडं उलटतं. गावात जाऊन "या झाडाला काय म्हणता, याचा पाला कशाला वापरता" हे विचारायचं असतं तेव्हा महागड्या शाळेतली मुलं मागे उभी राहतात आणि तुम्ही पडवीत बसून चहा पिता. माझ्या वहीत एका झाडाची चार-चार नावं आहेत, सत्तरीतलं वेगळं, काणकोणातलं वेगळं. ती शास्त्रीय नावाइतकीच जपून लिहून ठेवते. शोधनिबंध वाचायची सवय लावा. रोज एक गोषवारा, शब्दकोश बाजूला ठेवून. एवढं पुरतं.

मार्गदर्शक कसा निवडायचा?

संस्थेच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे सगळे उलटं करतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा, एक आत्ताचा आणि एक बाहेर पडलेला. कँटीनमध्ये चहा पाजा. विचारा: लिहिलेलं किती दिवसांत वाचून परत देतात? फील्डवर स्वतः येतात का? शोधनिबंधावर नाव कोणाचं आधी येतं? माझ्या एका मैत्रिणीच्या प्रबंधाचं एक प्रकरण मार्गदर्शकाच्या टेबलावर अकरा महिने पडून होतं. ती हुशार होती, संस्था नामांकित होती, विषयही चांगला होता. शेवटी कंटाळून बँकेत लागली. विद्यार्थी तुम्हाला उत्तर देताना इकडेतिकडे बघायला लागला, की ते उत्तरच समजा.

अभयारण्यात काम करायला परवानगी लागते का?

लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी घ्यावी लागते, नुसतं निरीक्षण करायचं असलं तरी. प्राणी पकडायचा, त्याचं रक्त घ्यायचं किंवा कॅमेरा ट्रॅप लावायचे असतील तर कागद आणखी वाढतात. गोव्याच्या घाटाकडचा मोठा भाग संरक्षित आहे: भगवान महावीर म्हणजे मोलें, खोतीगाव, बोंडला, आणि १९९९ मध्ये जाहीर झालेली नेत्रावळी आणि म्हादई. म्हणजे वाघ-बिबट्याचा विषय घेतलात तर पहिलं सत्र वनखात्याच्या पायऱ्या चढण्यात जाऊ शकतं. एमएस्सीच्या सहा महिन्यांच्या प्रबंधासाठी अभयारण्याबाहेरची जागा घ्या असं मी स्पष्ट सांगते. देवराई, खाजन, सडा, गावचं तळं. देवराईत वनखात्याचा कागद लागत नसेल, पण गावकऱ्यांना विचारावं लागतंच. सत्तरीत ब्रह्मकरमळीजवळ बांबरची निरंकाराची राय आहे, रानटी जायफळांची दलदल. तिथे चपला बाहेर काढून जायचं असं सांगितलं तर काढायच्या. नमुना घेऊ नका म्हटलं तर घ्यायचा नाही, मार्गदर्शक काहीही म्हणोत.

परदेशातल्या प्रयोगशाळेला नमुने पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, ते वेगळंच.

पैशांचं काय?

एमएस्सीत फारसे मिळत नाहीत. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. गोवा सरकारचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज शिक्षण विकास महामंडळाकडून मिळतं. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप जरूर भरा; दोन महिने दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत घालवायला मिळतात आणि राहण्याचा खर्च निघतो.

पुढे पीएचडीला सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. जीवशास्त्रवाल्यांनी लाइफ सायन्सेस, समुद्र आणि भूशास्त्रवाल्यांनी अर्थ सायन्सेस. गेटमध्ये परिसंस्था आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. विद्यापीठात पहिले आलात तर पीएचडीसाठी इन्स्पायर फेलोशिप. ब्रिटनमधलं रफर्ड फाउंडेशन संवर्धनाच्या लहान प्रकल्पांना थेट अनुदान देतं, त्याला वेगळा अर्ज करता येतो. फेलोशिपचे पैसे वेळेवर येतील असं मात्र धरून चालू नका, सहा महिन्यांचा दाणागोटा बाजूला ठेवा.

नोकरी लागेल का?

लागते, पण "संवर्धक पाहिजे" अशी पाटी कुठे दिसत नाही.

महाविद्यालयात शिकवायचं तर नेट किंवा सेट. शाळेत शिकवायचं तर बीएड. भारतीय वन सेवेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र यांपैकी एक विषय पदवीला असला की बसता येतं, वय २१ ते ३२. गोव्याच्या वनखात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा गोवा लोकसेवा आयोगातून भरतात. इथल्या सरकारी जाहिरातीत एक ओळ हमखास असते: कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. त्यावर वाद घालायला घरी चिक्कार वेळ आहे, मुलाखतीत नको. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आधी काढून ठेवा.

सल्लागार कंपन्या आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, त्यासाठी माणसं लागतात. पगार बरा. पण तिथे तीन दिवसांत एका टेकडीची वनस्पती-यादी करून मागतात, आणि ती यादी मे महिन्यातली असते. सड्याची यादी मेमध्ये केलीत तर त्यात काय सापडणार? तरीही चांगल्या मुलांनी तिथे जावं असं मला वाटतं. यादी खोटी की खरी हे शेवटी लिहिणाऱ्यावर असतं.

पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांसाठी गावच्या जैवविविधतेच्या लोक-नोंदवह्या करणं, हे काम पैशाने लहान पण शिकायला फार मोठं आहे. आणि पक्षी-मार्गदर्शक म्हणून काम करत पीएचडीचा खर्च काढणारीही आहेत.

खाणपट्ट्यातली माणसं आमच्याकडे संशयाने बघतात. खाणींवर संशोधन करता येईल का?

करायलाच हवं, आणि डिचोली-सांगे-सत्तरीच्या मुलांनीच करायला हवं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली. घराघरातले ट्रक अंगणात गंजले. तुम्ही गावात वही घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येणार, "खाण बंद करायला आलात की चालू करायला?" त्यांचं चूक नाही.

डंपवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, सुरुवातीच्या काळात ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली. हिरवं दिसलं, पण तिच्याखाली आपलं रान यायला तयार नाही. त्या डंपवर मूळची झाडं कशी परत येतील, पाण्याने भरलेल्या खंदकांत काय जगतं, शेतात उतरलेल्या तांबड्या गाळाने भाताचं काय होतं, हे सगळे एमएस्सीचे तयार विषय आहेत. ज्याच्या घरचा ट्रक उभा आहे अशा मुलाने यावर काम केलं तर गाव त्याचं ऐकतं. माझं ऐकत नाही.

संशोधक होऊन आंदोलनात उतरलं तर चालतं का?

यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं पटत नाही, म्हणून फक्त माझी बाजू सांगते. २०२० मध्ये मोलेंच्या रानातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प आले, तेव्हा रस्त्यावर मेणबत्त्या पेटल्या तशाच टेबलावर जातींच्या याद्याही मांडल्या गेल्या. केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१ मध्ये रेल्वेच्या परवानगीविरुद्ध अहवाल दिला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. न्यायालयात घोषणा चालत नाहीत, तिथे नोंद लागते. ती नोंद करणारा माणूस संध्याकाळी मोर्चात गेला म्हणून नोंद खोटी ठरत नाही. फक्त मोर्चासाठी आकडा फुगवायचा नाही. एवढी एकच अट.

दुसरी बाजूही पाहा. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीला वाघीण आणि तिची पिल्लं मिळून चार वाघ मेलेले सापडले, विषाने. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. ज्याची गुरं मारली गेली त्याला भरपाई किती आणि कधी मिळते, हे मात्र थोड्यांनीच विचारलं. उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांना वाघावर काम करायचं आहे त्यांनी आधी महिनाभर धनगरांच्या गोठ्यावर बसावं.

मुलगी रानात एकटी फिरणार, आम्ही कसं पाठवायचं?

एकटी पाठवूच नका, मुलगाही एकटा नको. नियम असा: दोघं जण, गावातला एक माहीतगार, आणि कुठे जातोय ते घरच्या फ्रिजवर लिहिलेलं. खरा धोका वाघाचा कमी, स्कूटरचा जास्त. सत्तरीत काही वर्षांपासून माकडताप आहे, तो गोचिडीतून येतो. तेव्हा मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि परतल्यावर अंग नीट तपासायचं.

"झाडां-पानां शिकून कितें करतली?" असं विचारणाऱ्या मामांना मी उत्तर देत नाही. मुलीला त्यांच्या कुळागरात घेऊन जायला सांगते. सुपारीच्या कोळेरोगाबद्दल तिने दोन धड वाक्यं सांगितली की मामांचा प्रश्न मिटतो.

मी बीकॉम केलंय. मला येता येईल?

एमएस्सीला सहसा नाही. पण पर्यावरण कायदा, धोरण, अर्थशास्त्र किंवा समाजकार्यातून येता येतं. तोवर पक्षी मोजायला लागा. करमळीच्या तळ्यावर किंवा कुडचड्याच्या नंदा तळ्यावर, जे २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ झालं, पहाटे जा आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाका. मी पाहिलेले दोन उत्तम पक्षीनिरीक्षक बँकेत काम करतात.

अंटार्क्टिकाला जायला मिळतं म्हणे?

मिळू शकतं. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली, डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि आज मैत्री आणि भारती ही तिथली केंद्रं वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालतात. त्यासाठी विषय बर्फाशी, समुद्राशी किंवा सूक्ष्मजीवांशी जुळणारा हवा. नुसती हौस धरत नाहीत.

संगणक किती यायला हवा?

आर (संख्याशास्त्रासाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी). दोन्ही फुकट आहेत. संख्याशास्त्राला घाबरून या विषयात आलेली मुलं नंतर त्याच संख्याशास्त्रापाशी रडतात.

पावसात फील्डवर जाताना काय न्यावं?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि ते कुठलं आहे हे समजून घ्या. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी चोडणच्या बाजूला अभयारण्याबाहेरच्या खारफुटीत झाडं मोजायच्या चौकटी मांडायला गेले होते. वेळ पाहून गेले होते, पण वेळ मुरगाव बंदराची होती. नदीत आत पाणी उशिरा चढतं. बंदरात ओसरायला लागलं तेव्हा आमच्याकडे अजून वाढत होतं. कमरेएवढ्या चिखलातून बाहेर आले, जीपीएस गेला, एक चप्पल गेली, आणि वही वाचली ती डोक्यावर धरली म्हणून. वही पेन्सिलीनेच लिहा, शाई धुऊन जाते. छत्री नको, हात अडकतो. घोंगडी किंवा रेनकोट. रबरी बूट एक माप मोठे. भाकरी आणि लोणचं, पाव भिजून लगदा होतो. आणि कागदात बांधलेलं मीठ: जळवांसाठी, आणि वाटेत कोणी पेज वाढली तर तिच्यातही.